सर्वपित्रीला गरुडझेप

मौजनगरीच्या पार्किंगमध्ये मी आमच्या गाडीच्या बॉनेटवर ह्यांचं पान मांडलं आणि मान वर करून बघते तर शेजारच्या गाडीच्या बॉनेटवरही पान. त्याच्या पलीकडच्या गाडीवरही पान. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. माणसं 'काव काव' करून घसे सुकवतायत आणि कावळे आपले या गाडीवरून त्या गाडीवर, लग्नसराईतल्या भटजींसारखे घाईत.

"आई," माझा मुलगा हेमंत म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस, सर्वपित्रीला इथे चिटपाखरू नसेल."

"चिटपाखरू कुठाय? कावळे आहेत."

सूनबाई शिल्पा हसली नाही. ती गेटकडे बघत होती. गेटच्या आतली माणसं बाहेरूनसुद्धा दिसत होती.

डोकं माझंच होतं, ते मी नाकारत नाही. पितृपंधरवड्यात माणूस नवा रुमाल घेत नाही, तो मौजनगरीत कशाला तडमडेल? त्यात त्या वर्षी सर्वपित्री रविवारी आलेली. म्हणजे अख्खा महाराष्ट्र घरी खीर ढवळत बसणार आणि आपण रिकाम्या पाळण्यांत. असा हिशेब करून मी सगळ्यांना अंधारातच फलटणहून बाहेर काढलं होतं. अख्ख्या महाराष्ट्राने नेमका हाच हिशेब केला होता. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी तर माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "सासूबाईंना सांगितलंय, मामेसासऱ्यांकडे पानाला चाललोय. तुम्ही कुठल्या?"

"आम्ही कुठल्याच नाही," मी म्हटलं. "आम्ही आलोच नाहीये."

एरवी मी त्या गर्दीला हसले असते. पण मागच्या सीटवर जुई बसली होती, माझी नात, सातवीतली. तिचा डावा पाय जन्मापासून घोट्यात वळलेला. चालायची, पण लंगडत, आणि जरा वेळ एका जागी उभं राहिलं की पाय सुजायचा. गुरुवारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर तीन महिने चाकाच्या खुर्चीत बसायचं, मग पाय सरळ. डॉक्टर हसत हसत सांगत होते, आणि जुईने तिथेच सांगून टाकलं, ऑपरेशन नको.

"मी खुर्चीत बसून शाळेत जाणार नाही. आत्ताच सगळे पायाकडे बघतात."

आई-बापाने समजावलं, मोबाईल देऊ म्हणाले, रागावले. पोरगी ढिम्म. शेवटी मी विचारलं, "तुला काय हवंय ते तरी सांग." तेव्हा म्हणाली, मौजनगरीतल्या गरुडझेपमध्ये बसायचंय. वर्गातले सगळे बसून आले, तिला सहलीला कोणी नेलं नव्हतं. "आणि मी माझ्या पायांनी जाणार. तसं झालं तर तुम्ही म्हणाल तिथे येते. नाही झालं तर नाही."

डॉक्टर म्हणाले, पाळण्यात बसू दे खुशाल, फक्त रांगेत उभी करू नका.

म्हणून तर ही सर्वपित्री.

"तेव्हाच सांगत होतो, रांग चुकवायचा पास घेऊ," हेमंत म्हणाला.

"रांग चुकवायला पैसे? मी अख्खी हयात रॉकेलच्या रांगेत काढली, मला रांगेचं शिकवू नकोस."

तरी तो खिडकीवर जाऊन आला. पास संपले होते. येताना मात्र गेटजवळून चाकाची एक खुर्ची घेऊन आला. अशी खुर्ची तिथे नुसती मागितली की मिळते. जुईने खुर्ची बघितली आणि गाडीचं दार आतून ओढून घेतलं.

"जुई, नुसती असू दे बरोबर," शिल्पा म्हणाली. "पाय दुखला तर."

"ती असेल तर मी नाही."

"माझी पिशवी ठेवायला लागेल की ती," मी म्हटलं. "मी काय हमाल आहे? आण रे ती खुर्ची."

अशी आमची वरात आत शिरली. पुढे जुई बापाचा हात धरून, मागे शिल्पा रिकाम्या खुर्चीत माझी पिशवी फिरवत.

सुरुवातीला माझं शहाणपण चाललं. लोक कुठेही गेले की दाराजवळचं आधी धरतात, हे मी लग्नाच्या पंगतीत वाढताना शिकलेली आहे. दाराजवळचं ताट भरलेलं आणि शेवटचं मोकळं. आम्ही सरळ मागच्या टोकाला गेलो. तिथला कपबशीचा पाळणा जवळजवळ रिकामा, बोटही रिकामी. जुई दोन्हीत बसली. पण तिचं लक्ष आभाळाकडे. गरुडझेपचा पिवळा रूळ अख्ख्या मौजनगरीवर वेटोळं घालून बसला होता, आणि त्याची गाडी डोक्यावरून गेली की माणसं अशी किंचाळायची की खालच्या कावळ्यांनी सुद्धा पान सोडावं.

गरुडझेपची रांग बघितली आणि हेमंत नुसताच खाली बसला. लोखंडी दांड्यांच्या मधून ती रांग जात होती, वळत होती, परत येत होती. शेपूट शोधायला मला चालावं लागलं. शेपटाला एक बोराटे म्हणून गृहस्थ उभे होते, बारामतीचे, आणि एका हाताने त्यांना, एका हाताने आपला गुडघा धरून त्यांच्या आई, नऊवारीतल्या.

"किती वेळ लागेल हो?" मी विचारलं.

"आजच लागंल नंबर," बोराटे म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. जुई एका पायावर भार देऊन उभी होती. ओठ घट्ट. मी ओळखलं, ही आता 'चला घरी' म्हणणार, आणि एकदा म्हणाली की गुरुवारही गेला.

मग मी माझी चप्पल काढली.

डावी बोराट्यांच्या मागे, उजवी तिच्याशेजारी, नीट जुळवून ठेवली. "ही आमची जागा," मी बोराट्यांना म्हटलं. "पोरगी तिकडे बाकावर बसते. तुम्ही पुढे सरकलात की हिला जरा पायाने पुढे ढकला."

हेमंतने कपाळावर हात मारला. "आई, हे रॉकेलचं दुकान नाहीये!"

पण बोराट्यांच्या आईने चपलेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आमी डबा ठेवायचो," त्या म्हणाल्या. "एकदा डबाच चोरीला गेला. नंबर माणसाचा नव्हंच, डब्याचा असायचा. मग चोरालाच मिळालं रॉकेल."

"आमच्याकडे एक बाई तांब्या ठेवायच्या. तांब्याचा नंबर आला तेव्हा बाई बाळंत झाल्या होत्या. बाराव्या दिवशी तांब्याला रॉकेल आणि बाळाला नाव एकाच वेळी मिळालं."

"काय सांगता!"

"विचारा आमच्या फलटणला."

हेमंत जुईला घेऊन बाकावर गेला. पाच-सहा वळणं माझी चप्पल झकास चालली. बोराटे सरकायचे, त्यांच्या आई पायाने चपलेला टोला द्यायच्या. मागून आलेली माणसंही चपलेच्या मागे मुकाट उभी राहिली. आपल्याकडे चपलेला मान आहे. मी सावलीत उभी राहून लांबून चपलेवर लक्ष ठेवून होते. मग एक झाडूवाला पोरगा आला, कामाला चोख, चिमट्याने चप्पल उचलली, बादलीत टाकली आणि चालता झाला.

"ए! ए, माझा नंबर!" मी धावले.

धावले म्हणजे काय, सावलीतून बाहेर पडले आणि तिथेच नाचायला लागले. फरशी अशी तापलेली की वडे तळून घ्यावेत. इकडे एक पाय, तिकडे एक पाय, आणि समोर एकच वस्तू, ती रिकामी खुर्ची. मी पिशवी उचलली आणि धपकन बसले. पाय वर घेतले. देवा, काय सुख होतं म्हणून सांगू!

जुई बाकावरून उठून आली. "आजी, काय झालं?"

"भाजलं. मला त्या झाडूवाल्यापर्यंत ढकल."

"मी?"

"मग काय तुझा बाप ढकलतो? तो बघ, आपण ओळखीचे नाही असं दाखवतोय."

जुईने खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ढकलायला लागली. मुठींवर भार टाकून ती बरीच सरळ चालत होती, हे मला मागे न बघता कळलं. पावलाचा आवाज एरवीसारखा येत नव्हता. आम्ही गरुडझेपच्या कडेने निघालो, तोच एका बाजूच्या फाटकातून एक मुलगी आली, टोपी घातलेली, हातात वॉकीटॉकी.

"आजी, तुम्ही राईडला आलात का? खुर्चीवाल्यांना इकडून आहे. त्या रांगेत नका जाऊ."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर 'नाही गं, मी चपलेच्या मागे आहे' असंच म्हणायला उघडलं होतं. पण मागे जुईने मुठी एकदम घट्ट आवळल्या.

"हो," मी म्हटलं. "गुडघे. दोन्ही गेले."

"कशाने?"

"तरुणपणी जत्रेत मौतका कुआँमध्ये फटफटी चालवायचे. एकदा वरून सुटले ती थेट शेजारच्या तमाशाच्या तंबूत. तमाशा थांबला नाही, पण गुडघे थांबले."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागे जुईकडे तिची नजर गेली, मग जुईच्या पायाकडे, आणि परत माझ्याकडे आली. पोरगी हुशार होती. तिच्या शर्टावर नाव होतं, तेजल.

"सोबत एकालाच सोडते," ती म्हणाली. "पण आजी, खुर्चीतलं माणूस बसणार असेल तरच सोबतीला बसता येतं. नुसत्या सोबतीला नाही सोडत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला बसावं लागेल. गरुडझेपमध्ये."

डोक्यावरून गाडी गेली. वीस-पंचवीस माणसं आई-बापाच्या नावाने ओरडत गेली.

"बीपी, हृदयविकार, काही आहे का?"

हेमंत धावत आला. "अहो, नाही बसायच्या त्या! आई, वेड लागलंय का तुला?"

"बीपी तुला आहे, मला नाही."

"आई, अहो, तुमचं वय काय..." शिल्पा म्हणाली.

"वय सोबत येत नाही, एकालाच सोडतात."

मी मान वळवून जुईकडे बघितलं. ती माझ्याकडे नव्हती बघत, वरच्या रुळाकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. मी हेमंतला पिशवी दिली, वरच्या दातांची कवळी काढून रुमालात बांधली, तीही दिली. कवळी हातात आल्यावर तो बोलायचा थांबला.

फाटकाच्या आत जिना निघाला. चांगला उंच लोखंडी जिना, आणि जिन्याला लागूनच दुसऱ्या बाजूने मुख्य रांग वर चढत होती. शेकडो माणसं, कंटाळलेली, बघायला काहीतरी हवंच असलेली. जुई पायथ्याशी थबकली. जिन्यावर तिचा पाय जास्त दिसायचा. एक पायरी चढायची, पाय ओढून घ्यायचा, मग दुसरी.

"लिफ्ट बंद आहे," तेजल म्हणाली. "आजी, दोन मुलं बोलावते. उचलून नेतील."

"मी चा..." असं म्हणून मी गप्प बसले. चालता येत होतं मला. त्या जिन्यावरून मी जुईला काखेत घेऊन गेले असते. पण चालणारी म्हातारी कोण बघणार? लोकांनी चालणाऱ्या पोरीकडेच बघितलं असतं.

"चार बोलाव," मी म्हटलं. "दोघांना नाही झेपायची मी."

चौघांनी खुर्ची उचलली. मी साडीचा पदर नीट केला, हात वर केला आणि बिनदाताच्या तोंडाने गर्जना केली, "सावकाश रे! राजमाता निघाल्या!"

सगळी रांग वळली. मोबाईल वर झाले. बोराटे जिन्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचले होते, ते ओरडले, "आई, बघ, चपलेवाल्या आजी!" त्यांच्या आईने हात जोडले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी दोन्ही बाजूंना हात हलवत होते. एका पोराने विचारलं, "आजी, काय झालं पायांना?" मी म्हटलं, "एव्हरेस्टवरून उतरताना मुरगळले." पुढच्याने तेच विचारलं, त्याला सांगितलं, हत्तीने पाय दिला. मागून बारीक आवाज आला, "आजी, मघाशी फटफटी होती." मी म्हटलं, "हत्तीच फटफटीवर होता."

मागे कठडा धरून जुई चढत होती. एकेक पायरी. पाय ओढत. शेकडो माणसं होती, आणि एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

वर पोहोचल्यावर चौघांनी मला गरुडझेपच्या पहिल्याच डब्यात बसवलं. जुई शेजारी आली. छातीवर लोखंड आलं. तिचा चेहरा घामाने चमकत होता.

"आले," ती म्हणाली. "माझ्या पायांनी."

"आलीस. आता मला धर. मी माझ्या पायांनी नाही आले."

पुढचं काय सांगू? गाडी वर गेली, मला आमचं फलटण दिसलं, त्यापलीकडचं पंढरपूर दिसलं, कोणी खोटं म्हणो. मग खालचं जग निघून गेलं. पितरांच्या दिवशी पितर खाली येतात म्हणतात, त्या दिवशी मीच वर जाऊन आले. हे भेटले वाटेत. म्हणाले, "तू इथे कशी?" मी म्हटलं, "थांबायला वेळ नाही, पोरगी बरोबर आहे." जुई शेजारी ओरडत होती, पण घाबरून नाही. तिने दोन्ही हात वर केले होते आणि दोन्ही पाय हवेत सोडले होते, डावाही आणि उजवाही. हवेत दोन्ही सारखेच दिसत होते.

गाडी थांबली तेव्हा माझा अंबाडा सुटून कानावर आला होता. चौघे पुन्हा आले. मला खाली आणलं, जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची ठेवली, पाया पडून गेले. तेजलने माझी चप्पल शोधून आणलेली. "बादलीत होती," ती म्हणाली. मी ती पायात घातली आणि आपले गुडघे गेलेत हे विसरून उभी राहिले.

जुई जिना उतरून माझ्यासमोर आली. शेवटच्या दोन पायऱ्या ती बसूनच उतरली होती. घोटा सुजून बुटाच्या वर आला होता. पाय टेकवत नव्हता तिला. बाप अजून लांब होता, गर्दीतून वाट काढत येत होता, हातात माझा रुमाल असा धरून, जसा काही त्यात विंचू आहे.

मी खुर्चीकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. अंबाडा घालत उभी राहिले.

जुईने बघितलं. खुर्चीकडे, मग रांगेकडे. रांग तिथेच होती, सगळी तीच माणसं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "बसल्यावर कसं वाटतं?"

"फरशी भाजत नाही."

"आणि लोक?"

"लोक तर बघतातच. तू त्यांना बघायला काय देतेस, त्यावर आहे."

ती बसली. कोणी सांगितलं नव्हतं. आधी एक हात टेकवला, मग वळून बसली, पाय पट्टीवर ठेवले आणि फ्रॉक गुडघ्यांवर सारखा केला. मी मुठी धरल्या आणि ढकलायला लागले.

रांगेच्या कडेने आम्ही दहा पावलं गेलो असू. आणि एकदम आरडाओरडा झाला.

"अहो! आजी चालायला लागल्या!"

"मघाशी चौघांनी उचलून नेलं होतं ना ह्यांना?"

बोराट्यांच्या आई दांड्यावरून अर्ध्या बाहेर आल्या. "बाई, तुमचं गुडघं?"

माझ्याजवळ उत्तर होतं, एक सोडून तीन होती. पण मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला.

"सुटले," जुई म्हणाली. खणखणीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "गरुडझेपच्या दुसऱ्या वळणावर कट् आवाज येतो ना, तेव्हा सुटतात. पण फुकट नाही सुटत. शेजारी जो बसलेला असतो, त्याचे पाय घेतात बदल्यात."

"घेत्यात?" आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. "मग पोरी, तुझं पाय?"

"देतात परत. जुने नाही देत, नवे देतात. तीन महिने खुर्चीत बसून वाट बघायची." जुईने पायावरचा हात काढला, सुजलेला घोटा सगळ्यांना दिसू दिला. "मी गुरुवारी जाणार आहे घ्यायला."

हेमंत तेवढ्यात पोहोचला होता. त्याने ते ऐकलं. त्याने कवळीचा रुमाल शिल्पाच्या हातात दिला आणि खुर्चीची एक मूठ माझ्याकडून घेतली.

मागे बोराट्यांच्या आईने लेकाचं मनगट पकडलं होतं.

"आता कुठं चाललास? गप उभा रहा," त्या म्हणत होत्या. "तूच बसायचंस माझ्याशेजारी."